स्वरांना भाषा नसते, शिकवण्याला असते

सीमाभागातल्या कोणत्याही मराठी गावात जा, देवळात एक पेटी असतेच. तिचा भाता कुठे फाटलेला असेल, दोन पट्ट्या दबत नसतील. पण एकादशीला ती बाहेर निघते आणि भजन उभे राहते. पेटीवर बसणाऱ्या जाणत्या माणसाला स्वरलेखन येत असतेच असे नाही. त्याला चाल पाठ असते, तेवढे त्याला पुरते. त्याच्या नातवंडांना मात्र ते पुरत नाही. त्यांना प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांच्या पायऱ्या चढायच्या असतात. त्यासाठी पुस्तक लागते.

मराठीत परीक्षेची पुस्तके आहेत, नाही असे नाही. परंतु ज्या ग्रंथावरून ती सारी पुस्तके निघाली तो मूळ ग्रंथ मागितला, की दुकानदार बहुधा जे पुस्तक पुढे करतो ते पाहून आम्ही दर वेळी थबकतो. वर नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. आत मजकूर हिंदी. आणि खाली प्रकाशकाचा पत्ता : संगीत कार्यालय, हाथरस, उत्तर प्रदेश.

मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेल्या मराठी माणसाने मराठीत लिहिलेला ग्रंथ बेळगाव-खानापूरच्या मराठी मुलाने हिंदीतून का वाचावा? भाषेच्या या अंकात शाळांविषयी, फलकांविषयी, सरकारी कागदांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही या एका पुस्तकाची आणि ते विकणाऱ्या एका दुकानाची हकीकत सांगणार आहोत. कारण आमच्या मते भाषेचा प्रश्न त्यातही आहे, आणि तो कोणा दुसऱ्याने आपल्यावर लादलेला नाही.

हिंगाच्या गावातले दुकान

हाथरस हे काही राजधानीचे शहर नव्हे. हिंगासाठी आणि चाकू-सुऱ्यांसाठी नाव असलेला तो ब्रज भागातला एक व्यापारी कसबा. पण गाण्याचे वेड या गावाला जुने. नौटंकीची हाथरसी शैली प्रसिद्ध आहे, आणि त्या खेळांच्या छापील पुस्तिका याच गावातून उत्तर हिंदुस्थानभर जात. गाणे छापून विकता येते, हे हाथरसच्या बाजाराला ठाऊक होते.

याच गावात १८ सप्टेंबर १९०६ रोजी प्रभुलाल गर्ग यांचा जन्म झाला. वडील प्लेगच्या साथीत गेले तेव्हा हे मूल अवघ्या काही दिवसांचे होते. पुढे व्यापाऱ्याकडे कारकुनी कर, पाट्या रंगव, चित्रे काढ, असे करीत हा तरुण वाढला. एका नाटकात त्याने काकाची भूमिका केली आणि लोक त्याला काका म्हणू लागले. हिंदी हास्यकवितेतले काका हाथरसी ते हेच. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कविसंमेलनांत ऐकणारा मोठा वर्ग त्यांना तेवढ्याच नावाने ओळखतो. पण आमच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळेच आहे.

१९३२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी संगीताच्या पुस्तकांचा धंदा मांडला. त्याचेच नाव संगीत कार्यालय. पेटी, तबला, बासरी घरच्या घरी शिकवणारे ‘म्यूजिक मास्टर’ हे पुस्तक त्यांनी स्वतःच लिहिले आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९३५ पासून ‘संगीत’ हे मासिक सुरू झाले. त्यात रागांची माहिती असे, घराण्यांची चर्चा असे, आणि मुख्य म्हणजे महिन्याच्या महिन्याला नोटेशन असे : ख्याल, ठुमरी, भजन, पुढे चित्रपटातली गाणीसुद्धा. एकेका थाटावर, तबल्यावर, नृत्यावर जाडजूड विशेषांक निघाले.

हे दुकान गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणारे नव्हते. ते टपालाने चालत असे. खेड्यातला शाळामास्तर पत्र टाकी, पुस्तक त्याच्या दारात येई. ज्या गावात गवई नाही, क्लास नाही, त्या गावात पोस्टमन मात्र होता. या एका गोष्टीच्या जोरावर हाथरससारख्या कसब्यातून नोटेशन देशभर पोचले.

दोन विष्णू

आता भातखंड्यांचे पुस्तक तिथे कसे पोचले ते पाहू. त्यासाठी थोडे मागे आणि आपल्याच भागात यावे लागेल.

छापील नोटेशन येण्यापूर्वी आपल्याकडे चाल कागदावर कशी लिहीत? आण्णासाहेब किर्लोस्करांची नाटके पाहावीत. आण्णासाहेब मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८४३ साली ते तिथे जन्मले आणि १८८५ साली तिथेच वारले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यातल्या पदांच्या डोक्यावर राग-तालाबरोबर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या माहितीच्या गाण्याचा उल्लेख असे, आणि त्यांतल्या कित्येक चाली कानडी पदांच्या होत्या. म्हणजे शब्द मराठी, चाल कानडी, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही ठाऊक! सीमेवरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण या पद्धतीत एक अडचण होती. ज्याला मूळचे गाणे ठाऊक नाही त्याला त्या ओळीचा काडीचाही उपयोग नव्हता. गाणारे गेले की चालही गेली.

ही अडचण दूर करायला दोन मराठी माणसे निघाली. दोघांचेही नाव विष्णू. पहिले विष्णु दिगंबर पलुस्कर. १८ ऑगस्ट १८७२ रोजी ते कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यासाठी त्यांना ठेवले गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. बुवांनी स्वरलेखनाची आपली पद्धत बसवली आणि स्वतःच्या छापखान्यात पुस्तके छापली. विद्यालय लाहोरला, विद्यार्थी पंजाबचे. म्हणून बुवांची ही पुस्तके मुख्यतः हिंदीत झाली. ते साहजिकच होते.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे. १० ऑगस्ट १८६० चा त्यांचा जन्म. व्यवसायाने वकील. रावजीबुवा बेलबागकरांकडे धृपदे शिकले, दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत प्रवास केला, जयपूरच्या आणि रामपूरच्या खानसाहेबांकडून चिजा घेतल्या आणि त्या स्वरलिपीत उतरवल्या. कोणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुलपात ठेवलेल्या चिजा त्यांनी आर्जवाने मिळवल्या आणि चारचौघांसाठी छापून टाकल्या. अनेक उस्तादांना ते आवडले नाही. भातखंड्यांनी मात्र माघार घेतली नाही.

आणि त्यांनी लिहिले मराठीत. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या ग्रंथाचा पहिला भाग १९१० साली निघाला, चौथा १९३२ साली. सगळा ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या बोलण्याच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरुजी उत्तर देतात, पुन्हा शंका, पुन्हा उत्तर. याच्या जोडीला ‘क्रमिक पुस्तक मालिका’. तिचे सहा भाग. पहिले चार त्यांच्या हयातीत आले, शेवटचे दोन १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर, १९३७ साली. सहा भागांत मिळून अठराशेच्या आसपास चिजा. आपल्या रागसंगीताचा एवढा मोठा छापील साठा त्यापूर्वी कोणत्याही भारतीय भाषेत झाला नव्हता. तो प्रथम मराठीत झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

टिंब वर की खाली?

ही लिपी कशी चालते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण गंमत तिथेच आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या खाली आडवी रेघ म्हणजे तो कोमल. मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. एका मात्रेत बसणारे स्वर खालून चंद्रकोरीसारख्या कंसाने बांधायचे. समेला फुली, खालीला शून्य. बाकी सारे म्हणजे सा रे ग म, आपली रोजची अक्षरे. ज्याला मराठी वाचता येते त्याला ही चिन्हे शिकायला चार दिवस पुरतात.

पलुस्कर पद्धतीत मात्र वरचे टिंब म्हणजे मंद्र! तारसप्तकासाठी स्वरावर उभी रेघ. कोमल स्वराला पाय मोडल्यासारखी खूण. समेला एक आकडा, खालीला अधिक चिन्ह. म्हणजे एका पुस्तकातले टिंब दुसऱ्या पुस्तकाच्या सवयीने वाचले तर गाणारा एकदम दोन सप्तके चुकतो. एकाच घरात दोन पद्धतींची पुस्तके आली की पोर रडकुंडीला येते. शेवटी भातखंड्यांची लिपी अधिक सोपी, छापायलाही सोपी, म्हणून तीच बहुतेक ठिकाणी रूढ झाली.

इंग्रजी वाद्यसंगीताची गोष्ट वेगळी. त्याच्या पाच रेघांवर ठिपके मांडायचे तर साधे खिळे जुळवून भागत नाही; त्याची छपाई हे निराळेच काम. त्याच्या छापील प्रती विकणारे फुर्टाडो यांचे दुकान मुंबईत १८६५ पासून आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत जे मुलगे लहानपणीच सोल्फा शिकले, ते पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत हीच पाने समोर ठेवून वाजवू लागले; हिंदी चित्रपटांतल्या वाद्यवृंदांचा भार मोठ्या प्रमाणात या गोवेकर वादकांनी उचलला. त्यांना जसे धोबीतलावचे दुकान, तसे सा रे ग म वाचणाऱ्यांना हाथरसचे. फरक एवढाच, की आपली लिपी अक्षरांची. साध्या छापखान्यात थोडे जादा खिळे घेतले की ती जुळवता येते. म्हणूनच कसब्यातला एक माणूस तिच्यावर दुकान उभे करू शकला.

मराठीचे हिंदी झाले

स्वातंत्र्यानंतर संगीत शाळांमधून शिकवायचा विषय झाला. भातखंड्यांनी त्याची पायाभरणी आधीच केली होती. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघाले. १९२६ साली लखनौचे कॉलेज. बडोदे आणि ग्वाल्हेर इथे दरबारामुळे मराठी जाणणारे पुष्कळ होते. लखनौला ते नव्हते. अलाहाबाद, बनारस, पाटणा, दिल्ली इथल्या विद्यार्थ्याने भातखंडे वाचायचे कसे?

हे काम हाथरसने केले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे चारही भाग ‘भातखंडे संगीतशास्त्र’ या नावाने हिंदीत आले. क्रमिक मालिकेचे सहा भाग हिंदीत आले. यात कोणाचे काही हिसकावून घेतले नाही. उलट एका मराठी माणसाच्या कष्टाला देशभर वाचक मिळाले. आज उत्तरेकडचा विद्यार्थी भातखंड्यांचे नाव घेतो ते या दुकानामुळे. काका १८ सप्टेंबर १९९५ रोजी, म्हणजे आपल्या वाढदिवशीच गेले. पण त्यांच्या दुकानाची पुस्तके अजून विकली जातात.

आमचा प्रश्न हाथरसला नाही, आम्हांलाच आहे. हिंदीत भातखंडे मिळाले हे चांगलेच झाले. पण मराठीत ते तितक्याच सहजपणे का मिळू नयेत?

‘चिजांना कुठे भाषा असते?’

यावर एक उत्तर नेहमी मिळते. गाण्याला भाषा नसते. सा तो सा, मराठीत काय आणि हिंदीत काय. चिजांचे शब्द तर बहुतेक ब्रजचेच. मग प्रस्तावना हिंदीत असली म्हणून काय बिघडले?

हे उत्तर अर्धेच खरे आहे. स्वरांना भाषा नसते, पण शिकवण्याला असते. अमक्या रागात गंधार कसा घ्यावा, ‘कण’ किती लागावा, दोन रागांच्या सीमेवर गाणारा कुठे घसरतो, हे सारे भातखंड्यांनी मराठी बोलण्यातून समजावले आहे. त्यांचा शिष्य घरातल्या मुलासारखा अडून बसतो, गुरुजी दाखले देतात, कधी चिमटाही काढतात. नोटेशन जसेच्या तसे दुसऱ्या भाषेत जाते. हे बोलणे मात्र भाषांतरात निम्मे उतरते. दहा-बारा वर्षांच्या खेड्यातल्या मुलाला तर आधीच शाळेत दोन-तीन भाषांची कसरत करावी लागते. त्यात गाण्याचे शास्त्रही परक्या वाक्यांतून आले, की ते पोर स्वर तेवढे घेते आणि मजकूर सोडून देते. मग ते परीक्षेपुरती उत्तरे पाठ करते. गाते चांगले, पण आपण काय गातो ते त्याला आपल्या भाषेत सांगता येत नाही. भाषेतून एक विषय निघून जातो तो असा, गाजावाजा न होता.

आपल्याकडे लिहिणारे कमी नव्हते. मिरजेत जन्मलेले विनायकबुवा पटवर्धन यांनी ‘रागविज्ञान’चे भाग मराठीत लिहिले. मिरजेचेच बी. आर. देवधर यांनी ‘रागबोध’ लिहिला. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे यांनी उतारवयात आपल्या चिजा ‘संगीत कला प्रकाश’मध्ये छापून मोकळ्या केल्या. ही सारी माणसे आपल्या पंचक्रोशीतलीच म्हणायची.

आणि सुळेभावीचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. बेळगावजवळच्या या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी एक मूल जन्मले. घरची भाषा कानडी. पुढे ते मुंबईला देवधरांच्या शाळेत शिकले आणि इंदूरजवळ देवासला स्थायिक झाले. हेच कुमार गंधर्व. त्यांनी स्वतः बांधलेल्या बंदिशी नोटेशनसह छापल्या तेव्हा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ साली मराठीत, मौज प्रकाशनाकडून आला. कानडी घरातला गवई, बंदिशींत माळव्याची बोली, आणि ग्रंथ मराठी! कोणी सक्ती केली नव्हती. त्या काळी संगीतावर गंभीरपणे लिहायचे-वाचायचे तर मराठी ही त्याची एक स्वाभाविक भाषा होती. आम्ही सीमाभागात मराठीच्या हक्काविषयी बोलतो तेव्हा तिची ही पत विसरतो. ही पत मराठीला कोणत्याही कायद्याने मिळाली नव्हती. तिच्यात उपयोगाची पुस्तके होती, म्हणून ती मिळाली होती.

मग आता काय?

हाथरसच्या दुकानाने तीन गोष्टी केल्या. पुस्तक छापले, ते परवडेल असे ठेवले, आणि गिऱ्हाईक येण्याची वाट न पाहता त्याच्या गावापर्यंत धाडले. लिहिणारे आपल्याकडे जास्त होते. धाडणारे कमी पडले. आपल्या बाजारपेठेत वाद्यांची दुकाने आहेत. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांची कीर्ती तर सर्वत्र आहे. पण वाद्याच्या दुकानातले पुस्तकांचे कपाट पाहा. ते दर वर्षी लहान होत गेले आहे. आता मुले नोटेशन मोबाइलवर पाहतात, त्यात गैर काही नाही. पण तिथेही जे आधी चढवले जाते तेच सापडते.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथावरचा हक्क संपतो. भातखंडे १९३६ साली गेले. त्यांचा मूळ मराठी मजकूर आता कोणालाही छापता येतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, सरकारी अनुदानाचीही वाट पाहावी लागत नाही. सगळे सहा भाग छापावेत असेही नाही. पहिल्या भागातले दहा राग, प्रत्येकाची एक सरगम, एक चीज, आणि त्या रागाविषयीचे गुरुशिष्यांचे मराठी बोलणे, एवढे घेतले तरी पन्नास-साठ पानांची पुस्तिका होते. एखाद्या गणेशोत्सव मंडळाने एका वर्षीच्या स्मरणिकेच्या जागी ती काढली तरी गावातल्या प्रत्येक शिकणाऱ्या मुलाच्या हाती पडेल.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. आपल्या घरच्या माळ्यावर, वाचनालयाच्या मागच्या कपाटात, भजनी मंडळाच्या पेटाऱ्यात जुनी मराठी नोटेशनची पुस्तके आणि हाताने लिहिलेल्या वह्या पडलेल्या असतात. आजोबांनी शिसपेन्सिलीने सा रे ग म लिहून ठेवलेले असते. घर साफ करताना हेच आधी रद्दीत जाते, कारण ते कोणाला वाचता येत नाही. यंदा दिवाळीची साफसफाई करताना ती वही बाजूला काढा. शाळेतल्या किंवा क्लासमधल्या गुरुजींना दाखवा. टिंब स्वराच्या वर आहे की खाली, रेघ कुठे आहे, हे ते सांगतील. त्यावरून वही कोणत्या पद्धतीची हे कळेल, आणि कदाचित आपल्याच देवळात एके काळी म्हटली जाणारी, आता कोणालाच न येणारी एखादी चाल तिच्यातून पुन्हा निघेल.

देवळातली पेटी दुरुस्त करून आणणारे गावोगाव आहेत. तिच्याशेजारी एक मराठी पुस्तक ठेवणारे हवे आहेत.